उलट्या विड्याचं घर

१२ जानेवारी १९९७, रविवार

आज सकाळी आंघोळ करून देऊळ उघडलं, शिळी फुलं काढली, समईत तेल घातलं. हे रोजचं आहे. त्यानंतर जे केलं ते रोजचं नाही, म्हणून लिहून ठेवतो. पोपटशेठने आणलेला विडा हातात घेतला आणि देवीच्या पायाशी ठेवला.

ही डायरी कंपनीत मिळाली. दरवर्षी मी ती बायकोला, शेवंतीला, मासळीचा हिशेब लिहायला देतो. यंदा स्वतःकडे ठेवली. का ते सांगता येत नाही.

पोपटशेठ कळव्याचा बिल्डर. आमच्या कोलशेतच्या रस्त्यावर त्याच्या दोन इमारती उभ्या राहतायत. सकाळी गाडीतून उतरला तो चपला काढूनच. ताटात ओटी, नारळ आणि पाच पानांचा विडा. सोबत गावकीचे गोमाजीकाका. फेब्रुवारीत शेठ टेनिस बॉलची मोठी स्पर्धा भरवतोय. आठ संघ, आठ मालक. पूर्वी कोलशेतची पोरं कोलशेतकडून खेळायची, कळव्याची कळव्याकडून, आणि सदऱ्यावर आपापल्या देवीचं नाव असायचं. आता मालक पाहिजे त्या गावचा पोरगा उचलणार. शेठला माझा गुरुदत्त पाहिजे.

आमच्यात विड्याची रीत जुनी आहे. खाडीत मासळी होती तेव्हा नाखवा हंगामासाठी खलाशी बांधायचा तो असाच. खलाशाचं नाव घेऊन विडा आणायचा, देवीचा मान ज्या घराकडे, त्या घराच्या हाताने तो देवीपुढे ठेवायचा. एकदा ठेवला की हंगाम संपेपर्यंत तो माणूस दुसऱ्या होडीवर पाय ठेवत नसे. मान आमच्या घराकडे. आजोबांनी विडे ठेवले, बाबांनी ठेवले. माझ्या हाताने गेल्या दहा-बारा वर्षांत एकही ठेवला नव्हता. होड्याच राहिल्या नाहीत, तर विडे कोण आणणार. आज इतक्या वर्षांनी कोणीतरी रीत पाळून दारात आलं. मला बरं वाटलं, हे खरं आहे.

शेठ म्हणाला, देवळाला संगमरवरी फरशी घालून देतो, आणि पहिल्या पायरीवर तुमच्या वडिलांचं नाव कोरतो. नावाचा मला मोह नाही. देवीचं काम होतंय.

गुरुदत्त सरावाला गेला होता. त्याला विचारलं नाही. बापाने मुलाला विचारून विडा घ्यायचा, अशी रीत मी कुठे पाहिलेली नाही.


१४ जानेवारी, संक्रांत

गुरुदत्तला सांगितलं. त्याने तिळाची वडी तोंडात टाकली आणि मॅच कधी आहेत एवढंच विचारलं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार. तो बरं म्हणाला. खूश दिसला.

शेवंती म्हणाली, “तोंड बगितलं का त्याचं?”

बघितलं की. वडी खात होता.


१९ जानेवारी, रविवार

आज आनंदाची बातमी आली आणि मी ती नासवली. की आधीच नासवून ठेवली होती?

महिपत सर दुपारी कोपरहून आले. तीन वर्षं ते गुरुदत्तला ठाण्याच्या मैदानावर लेदर बॉलने शिकवतात, स्वतःच्या खिशातून बूटही घेऊन दिले. दारातूनच म्हणाले, “दामाजी, पोराला देशाचं बोलावणं आलंय.” दहा फेब्रुवारीपासून बंगलोरला शिबिर आहे. सगळ्या देशातून तीसेक पोरं. त्यातून एकोणीस वर्षांखालचा भारताचा संघ निवडणार आणि तो परदेशी जाणार. सरांचे डोळे भरलेले. शेवंतीने जवळ्याची चटणी आणि भाकरी पुढे ठेवली तर ते बोलता बोलता नुसती भाकरीच खात राहिले.

मी तारखा मनात लावत होतो. शेठची स्पर्धा आठ तारखेला सुरू, फायनल माघी पौर्णिमेला, आमच्या जत्रेच्या दिवशी. शिबिर बरोबर त्याच्या पोटात.

मी विड्याचं सांगितलं. सर आधी हसले. म्हणाले, “अहो, पान-सुपारी ती. उद्या नेऊन परत द्या.”

मला राग आला. सर साताऱ्याकडचे, त्यांना कसं कळणार. मी त्यांना धाकूचं घर सांगितलं. धाकूच्या आजोबाने एका नाखव्याचा विडा घेऊन, जास्त वाटा मिळतो म्हणून दुसरी होडी धरली. त्याला जाऊन साठ वर्षं झाली. धाकू दारू पीत नाही, कोणाचं वाईट बोलत नाही, पण आजही लग्नाची बोलणी करायला कोणी आलं की गाव सांगतं, ते उलट्या विड्याचं घर. आणि ज्या घराने विडा ठेवला त्यानेच तो उलटवला, तर देवीचा मान जातो. किल्ली जाते. जत्रेचा पहिला नारळ जातो.

 तेवढ्यात गुरुदत्त दारातून म्हणाला, “सर, शब्द गेलाय. मी नाय येत.”

इतक्या सहज? सरांनी चहा अर्धा ठेवला आणि निघून गेले. कोपरपर्यंत काय विचार करत गेले असतील.

स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या खेळाडूला शेठ मोटारसायकल देणार आहे. त्याचा फोटो नाक्यावर लागलाय. पोरगा तिथे उभा राहून बघत होता, मी स्वतः पाहिलं. आता कळलं, तो ‘बरं’ का म्हणाला ते.


२१ जानेवारी, मंगळवार

पहिली पाळी संपवून कळव्याला शेठच्या ऑफिसात गेलो. मनात होतं, तोच म्हणेल, देशाचं काम आहे, घेऊन जा पोराला.

त्याने मला खुर्ची दिली, थंड मागवलं. टेबलावर सदऱ्यांचे गठ्ठे होते. पाठीवर जिथे देवीचं नाव असायचं तिथे शेठचा फोटो, हात जोडलेला. मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

“मला ठाऊक होतं,” म्हणाला. “निवड समितीत आपला माणूस आहे. त्याने आधीच कानावर घातलं. म्हणून तर घाई केली ना, दामाजी. नाहीतर तुमच्या पोराला पकडायला मी कुठे आलो असतो?”

 थंड बाटली हातात होती, ती धरून बसलो.

“आणि देश काय देतो हो? टोपी देतो. ती घालून पोरगा खाडीच्या चिखलात निवट्या मासे धरत बसेल. मी रोख देतो. देश काय पळून जातोय? पुढच्या वर्षी पण असेल. माझा हंगाम आत्ता आहे.”

मी म्हटलं, तुम्ही देवीपुढे फसवलंत. तो म्हणाला, “मी कुठे फसवलं? मी ताट आणलं. ठेवलं कोणी?”

ऑफिसातली पोरं हसली नाहीत, पण मला हसल्यासारखी वाटली. पुलावरून चालत परत आलो. इतका राग मला कंपनीने खाडीत पहिल्यांदा काळं पाणी सोडलं तेव्हाही आला नव्हता. तेव्हा निदान कोणी ताट घेऊन आलं नव्हतं.


२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंड्याला गेलो. ही माझीच शाळा, तेव्हा कौलं होती. बासष्ट साली चीनची लढाई लागली तेव्हा गुरुजींनी वर्गात सांगितलं, देश मागतोय, घरी विचारा. मी आईला विचारलं. आईने कानातली काढली आणि सुपाऱ्या बांधायच्या फडक्यात बांधून दिली. बाबा रागावतील म्हणाली, आणि तरी दिली. बाबा रागावले नाहीत. तिचे कान मरेपर्यंत मोकळेच होते. कोणी विचारलं तर सांगायची, सरकारकडे ठेवायला दिलीयत.

देशाने आमच्या घराकडे तेव्हा एकदा मागितलं. त्यानंतर आत्ता.

मधल्या काळात देशाने आम्हाला काय दिलं हा हिशेब मी करू शकतो, आणि तो शेठच्या बाजूचा निघेल हेही मला माहीत आहे. जमीन कारखान्याला गेली, खाडी कारखान्यामुळे गेली. पण आईने हिशेब केला नव्हता.

झेंड्यानंतर गोमाजीकाकांना गाठलं. ते म्हणाले, शेठ गावकीला नवा हॉल देतोय, तू मध्ये काडी घालू नको. आणि वर म्हणाले, “तुज्या हातानं बांधलास, तूच सोड. पण मग किल्ली मना आणून दे.” काकांचं घर मानाच्या रांगेत दुसरं. त्यांच्या आवाजात घाई होती. देवळात शेठच्या शेजारी ते का उभे होते, हे मला त्या दिवशीच विचारायला हवं होतं.


२८ जानेवारी, मंगळवार

पोरगा वाया चालला.

पहाटे मी उठायच्या आधी बाहेर पडतो आणि सात वाजता येतो. विचारलं तर पळायला गेलो होतो म्हणतो. आज त्याची खाकी पँट दोरीवर टाकताना पाहिली. उजव्या मांडीवर लाल डाग. कालच्या पँटवरही तसाच, पुसल्यासारखा लांबट. शेठची पोरं नाक्यावर पान खाऊन हात पँटला पुसतात, मी बघतो ना रोज. दोन आठवड्यांत हे शिकला.

मी त्याला अंगणात उभं केलं. “तोंड उघड,” म्हटलं.

त्याने उघडलं. दात स्वच्छ होते.

“चूळ भरून आलास.”

“हो आबा,” म्हणाला, आणि हसला. मला उलटून बोलला असता तर परवडलं असतं.

शेवंती ओट्यावर मासे साफ करत होती. ती कधी नव्हे ती गप्प.


३१ जानेवारी, शुक्रवार

आज देवीला कौल लावला. दोन्ही खांद्यांवर ओली फुलं लावली. उजवं पडलं तर पोराला पाठवीन, डावं पडलं तर विडा पाळीन. तासभर बसलो. एकही पडलं नाही. कामावर उशीर झाला, मुकादमाची बोलणी खाल्ली. संध्याकाळी येऊन बघतो तर दोन्ही फुलं तशीच, सुकून चिकटलेली.

मी देवीवर रागावलो.  एवढी वर्षं तुझा दिवा विझू दिला नाही, आणि एक फूल तुला टाकवत नाही.


२ फेब्रुवारी, रविवार

फरशीचा ट्रक आला. हमालांनी लाद्या देवळाच्या भिंतीला लावून ठेवल्या. पायरीचा दगड वेगळा, गोणपाटात गुंडाळलेला. मी गोणपाट बाजूला केलं ते दगड फुटलाय का बघायला. बाबांचं नाव खोल आणि सुबक कोरलंय. आत सोनेरी रंग भरलाय. अक्षरांवरून बोट फिरवलं. बाबांना सही येत नव्हती, अंगठा होता. त्यांनी आपलं नाव एवढं मोठं कधी पाहिलं नाही.

पुन्हा लिहितो, मला मोह नाही. दिवसात दोनदा गेलो ते ऊन लागू नये म्हणून झाकायला.

मैदानावर मांडव उभा राहिलाय. भोंग्यावरचा माणूस आतापासून घसा साफ करतोय. “कोलशेतचा तोफखाना, गुरुदत्त! विकेट नाय, स्टंपच घरी नेनार! पोपटशेठ इलेव्हनची शान!” दिवसभर तेच. कोलशेतचा म्हणतो आणि पोपटशेठचा म्हणतो, एका श्वासात.


४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी पोरावर हात उचलला. अठरा वर्षांच्या पोरावर.

महिपत सरांचा दुकानात फोन आला होता. म्हणाले, नाव अजून कापलेलं नाही, गुरुवारपर्यंत कळवा, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल. कल्याणहून शनिवारी दुपारची गाडी आहे, दोन तिकिटं त्यांनी काढून ठेवलीयत. मी घरी आलो तर गुरुदत्त शेठचा सदरा घालून बघत होता. पाठीवर तो हात जोडलेला फोटो.

मी म्हटलं, काढ तो. तो म्हणाला, शनिवारी घालायचाच आहे. मी म्हटलं, मोटारसायकलसाठी देश विकलास. आईच्या कानातल्याचं पण बोललो, जे त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि चांगल्या रीतीने सांगायला हवं होतं. 

“मग थांबलास कशासाठी? बोल ना.”

“शब्दासाठी.”

“तो तुझा शब्द नव्हता. माझा होता.”

“तेच तर आबा,” तो म्हणाला.

तेव्हा मी हात उचलला. उद्धटपणाच तो, दुसरं काय. त्याने गालाला हात लावला नाही. सदरा काढला, घडी केली, कपाटात ठेवला आणि बाहेर गेला. शेवंतीने रात्री मला वाढलं, पण समोर बसली नाही.


५ फेब्रुवारी, बुधवार

नीट क्रमाने लिहितो, नाहीतर मला स्वतःलाच पुढे खरं वाटणार नाही.

झोप लागली नाही, म्हणून पहाटे लवकरच किल्ली घेऊन निघालो. देवळाच्या मागे जुन्या मिठागराची सपाट जमीन आहे, पलीकडे कंपनीची भिंत. तिकडून धप्प असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. वाटलं, कोणी दगड मारतंय. जाऊन बघतो तर गुरुदत्त.

एकटाच होता. भिंतीपुढे एक स्टंप रोवलेला. पळत यायचा, बॉल टाकायचा, तो भिंतीला लागून कुठेतरी जायचा, मग अंधुक उजेडात शोधत फिरायचा, आणला की परत पळत यायचा. मागे जाताना बॉल मांडीवर घासत होता. घासत घासत चालत होता. लाल बॉल. लेदरचा.

मी भिंतीच्या आडोशाला उभा राहिलो. पान. मी त्याचं तोंड उघडून बघितलं होतं.

स्टंप एकदा उडाला. त्याने आजूबाजूला पाहिलं, जणू कोणी टाळ्या वाजवतील, मग स्वतःच जाऊन तो उभा केला. मी हाक मारली नाही. देऊळ उघडायला उशीर झाला.

घरी आलो. शेवंती बाजारासाठी टोपली भरत होती. मी म्हटलं, तो लेदर बॉलने खेळतोय.

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“पँट कोन धुतं? पानाचा डाग मना कळत नाय का. रोज म्हनतो, आये, गरम पानी नको लावू, पसरंल.”

“शिबिराला जायचं नाही तर कशाला खेळतो मग?”

तिने टोपली खाली ठेवली. “हात सवयीत राहावा म्हनून. रडतो पन तितंच जाऊन. मना बोल्ला, आबांनी विडा ठेवलाय, मी गेलो तर गाव आबांना उलट्या विड्याचं घर म्हनंल. देवीची किल्ली जाईल. आबा किल्लीबिगर सकाळी काय करतील? असं विचारलं त्याने मना. मी काय सांगनार?”

मी तिच्यावर ओरडलो, की हे मला आधी का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, “त्याने शपथ घातली. आनि तुमी कुटं विचारलं? तुमी बोंबलत होतात.”

टोपली डोक्यावर घेऊन ती गेली. मी कामावर गेलो नाही.

मी रोज रागावत होतो ते कोणावर? शेठवर, बरोबर होतं. काकांवर, तेही बरोबर. सरांवर, पोरावर, देवीवर. एक माणूस राहिला होता. त्याच्याकडे जायला मला आजचा अख्खा दिवस लागला.


६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानातून सरांना फोन केला. म्हटलं, दोन्ही तिकिटं ठेवा. त्यांनी कसं, काय, काहीच विचारलं नाही. नुसतं “बरं” म्हणाले, आणि फोन ठेवायच्या आधी नाक ओढल्याचा आवाज आला.

गुरुदत्तला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो मला अडवेल, आणि त्याने अडवलं तर मी अडेन. मी स्वतःला ओळखतो आता.

 धाकू देवळासमोरून गेला, रामराम म्हणाला. मी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नाही.


८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी देऊळ उघडलं, शिळी फुलं काढली, समईत तेल घातलं. समई आज राखेने घासून घेतली. दुसऱ्याच्या हातात द्यायची तर स्वच्छ द्यावी.

सात वाजता बँड वाजवत सगळे आले. आठही संघ, आठ रंगांचे सदरे, पुढे पोपटशेठ पांढऱ्या कपड्यांत, गावकीची माणसं, बायका. माझ्या हातून पहिला नारळ फुटायचा आणि मग मैदानावर जायचं. गुरुदत्त शेठच्या सदऱ्यात मागे उभा होता. शेवंती आज बाजारात गेली नव्हती.

मी नारळ उचलला नाही. देवीच्या पायाशी ठेवलेला विडा काढला. पानं काळी पडून कडक झाली होती, सुपारी तेवढी तशीच. ताटात विडा पालथा ठेवला. त्याच्यावर देवळाची किल्ली ठेवली आणि ताट घेऊन पायरीवर आलो. बँडवाल्यांना काही कळलं नाही, ते वाजवतच होते. म्हाताऱ्यांना कळलं. एक बाई “अरे देवा” म्हणाली, आणि मग बँडही थांबला.

मी मोठ्याने म्हटलं, की हा विडा मी ठेवला, मीच उलटवतो. पोराचा यात दोष नाही. त्याला विचारलं नव्हतं. उलट्या विड्याचं घर म्हणायचं तर माझं म्हणा, त्याचं नको.

शेठ हसत पुढे आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. “दामाजी, अहो पान ते. पानाचं एवढं काय मनावर घेता? बसून बोलू ना.”

मी म्हटलं, “बांधताना ती देवी होती, शेठ. आता पान झालं?”

त्याने हात काढून घेतला. मग लोकांपुढे बोलला, की फरशी परत जाईल, हॉल होणार नाही. गावकीतून आवाज उठले, आणि ते शेठवर नव्हते, माझ्यावर होते. कोणीतरी मागून शब्द उच्चारलाही. उलटा विडा. ऐकला. वाटलं होतं तेवढा मोठा नाही तो, पण जिव्हारी लागला. मी खोटं कशाला लिहू.

गोमाजीकाकांनी किल्ली उचलली. घाईत विडा ताटातून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. मी उचलला आणि शेठच्या हातात दिला. पूर्ण रीत तशीच आहे, ज्याचा त्याला.

गुरुदत्त गर्दीतून पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडलेला. “आबा, मी नाय म्हटलं होतं ना. तुमी सकाळी काय करनार आता?”

“सदरा काढ,” मी म्हटलं. “दुपारची गाडी आहे. सर कल्याणला वाट बघतायत.”

त्याने तिथेच सदरा काढला. आत जुनी बनियन होती, काखेत फाटलेली. शेवंतीने पदराखालून घडी केलेला शर्ट काढून दिला. म्हणजे तिला ठाऊक होतं. मी तर तिलाही सांगितलं नव्हतं.

निघताना देवीच्या पाया पडायचं होतं. दार आता काकांचं, म्हणून आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो, बायका-पोरांच्या मागे. या देवळात मी कधी रांगेत उभा राहिलो नव्हतो. बाहेरून देवी लहान दिसते, आणि समईचा उजेड तिच्या एकाच गालावर पडतो. हे मला माहीत नव्हतं. काकांनी माझ्याकडे न बघता हातावर तीर्थ घातलं. मी ते घेतलं.

पायरीचा दगड गोणपाटात भिंतीशी उभा होता. हमाल त्याला दोर बांधत होते. मी तिकडे पाहिलं नाही असं लिहिणार होतो. पाहिलं.

रिक्षात बसताना गुरुदत्तने खिशातला लाल बॉल माझ्या हातात दिला. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने खरबरीत, शिवण सुटत आलेली. म्हणाला, तिकडे नवा मिळतो. मग रिक्षा वळली. मैदानावर भोंगा चालूच होता, फक्त त्यात आता कोलशेतचं नाव नव्हतं.

घरी येऊन हात सवयीने खिळ्याकडे गेला, किल्ली टांगायला. हातात बॉल होता. तो कोनाड्यात ठेवला.

विडा परत केला. किल्ली दिली. पोरगा गेला. राग तेवढा अजून आहे. तो परत कर म्हणून कोणी मागितला नाही, आणि मागितला तरी मी देणार नाही.